तिच्या माहेरचा घाट

माझ्या धाकट्या जावेला सायकलच्या ग्रुपमध्ये मीच आणलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परभणीतल्या आम्ही सात जणी, कुणी शिक्षिका, कुणी नर्स, एक बँकेतली. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर सायकली फिरवणारा हा ग्रुप मी सुरू केला. बालाघाट आणि मग सह्याद्री ओलांडून थेट समुद्रापर्यंत जायचं, ही टूमही माझीच. आता परभणी म्हणजे तव्यासारखी सपाट. चढाच्या सरावाला एकच जागा, रेल्वेवरचा उड्डाणपूल. तो वीस वेळा चढायचा, वीस वेळा उतरायचा. पुलाच्या तोंडाशी बसणारा चहावाला विचारायचा, "म्याडम, वर काय हरवलंय का?"

एक जण आयत्या वेळी गळाली म्हणून मी जावेला विचारलं. पहिल्याच दिवशी ती गाणं गुणगुणत पूल चढली. मी मागून धापा टाकत होते. तेव्हापासून जे माझ्या पोटात दुखायला लागलं, ते काही थांबलं नाही.

खरं सांगते, घरात तिच्याशी माझं काही वाकडं नाही. सणाला पहिला नैवेद्य माझ्या हातचा, हळदी-कुंकवाचं पहिलं बोट मला. थोरलीचा मान ती कधी चुकवत नाही. पण सायकलवर कसली थोरली आणि कसली धाकटी!

पहिल्या दिवशी परभणी ते गंगाखेड. रस्ता सपाट, तरी ती पुढे. बाकीच्या "कशी चालवायली बगा!" म्हणत तिच्या मागे. माझ्या मागे कुणी नव्हतं, कारण शेवटी मीच होते. दुपारी तिचे धपाटे सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ले, माझ्या काजू-बदामांकडे कुणी बघितलं नाही. गोदावरीच्या पुलावरच्या फोटोतही मधोमध तीच. संध्याकाळी गुडघ्यांना बाम चोळताना मी मनाशी ठरवलं, उद्याचा घाट मी पहिली चढणार. ग्रुप माझा, टूम माझी. एकदा तरी मी पुढे दिसायला हवी होते.

अडचण एवढीच की घाट तिच्या माहेरचा होता. वरच्या गावातून खालच्या शाळेत ती दहावीपर्यंत सायकलनेच जायची. आणि वर तिचा धाकटा भाऊ चहा घेऊन थांबणार होता.

सकाळी चढ सुरू झाला. उड्डाणपूल निदान संपतो तरी, हा संपेचना. आधी तिघी उतरून सायकली ढकलायला लागल्या, मग आणखी दोघी. राहिलो ती आणि मी. ती वीस हात पुढे, आरामात. तिच्या पाठीकडे बघत मी पाय मारत होते आणि मनात म्हणत होते, हिचं चाक पंक्चर होऊ दे. हो, अगदी असंच. चाळिशी उलटलेली, वर्गात मुलांना चांगुलपणाचे धडे देणारी बाई मी.

शेवटच्या वळणावर ती खरंच थांबली. सायकल कडेला घेऊन वाकली.

"ताई, चेन पडली माझी. तुमी व्हा म्होरं, थांबू नका."

थांबते कशाला! मदतीचं एक अक्षर न काढता मी तिच्या शेजारून पुढे गेले. पायांत कुठून बळ आलं, देव जाणे.

वर तिचा भाऊ मोबाईल धरून व्हिडिओ काढायला उभा होता. मला बघून त्याचा हात खाली आला.

"अक्का कुठाय? सकाळी फोनवर म्हणली व्हती, बघ, मीच पैली येणार."

"चेन पडलीय तिची. येईलच," मी म्हटलं. बिचाऱ्याने मग माझा व्हिडिओ काढला. मी दोन्ही हात वर केले.

दोन मिनिटांत ती आली. "का गं, मागं पडलीस?" भावाने विचारलं.

"आमच्या ताईंचा दम लय हाय रे," ती हसून म्हणाली, आणि चहाचा पहिला पेला तिने माझ्यापुढे धरला.

पेला घेताना माझी नजर तिच्या बोटांवर गेली. हातमोजे ती कधी घालत नाही, आणि बोटं स्वच्छ होती. चेन बसवली की हात कसे होतात, ते काळं वंगण साबणाने दोन दिवस निघत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

तिच्या माहेरच्या घाटात, तिच्या भावासमोर, तिने मला थोरलीचा मान दिला होता. ती पायांनी पुढे गेली असती तर एक वेळ सोसलं असतं. मनानेही ती मला मागे टाकून गेली, ते मला आजही सोसत नाही.

बाकीच्या वर पोचल्या. "मॅडम पहिल्या!" म्हणून टाळ्या वाजल्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. भाऊ तिथेच होता, ती तिथेच होती. मी टाळ्या घेतल्या.

शिवाय तो व्हिडिओही मागून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली पहिला अंगठा तिचाच आला.