सरावाची पेशंट

तानूबाई मूळची शहाद्याकडची. नवरा कारभारी गलोंडा गावच्या धाग्याच्या कारखान्यात कामगार, आणि ही सिल्वासाला दातांच्या दवाखान्यात झाडूपोछ्याला. ब्याण्णव साली तिथं बाहेरच्या कॉलेजातली पोरं दर गुरुवारी शिकायला येऊ लागली. दात काढायला नव्हे हो, पेशंटशी बोलायला! शिकवणारे सुधाकर सर मोठे हौशी. त्यांनी तानूबाईला खुर्चीत बसवलं आणि खोटं दुखणं पाठ करून घेतलं: उजवी दाढ, तीन दिवस, नुसता ठणका.

पोरांनी खुर्ची जवळ ओढायची, नाव घेऊन विचारायचं, मान हलवायची. त्यावर मार्क. तानूबाई खूश होती. जन्मात कुणी तिला 'अहो' म्हटलं नव्हतं.

दिवाळीनंतर तिच्या डाव्या गालात आतून जखम झाली. तिनं मिशरी सोडली, तरी भरेना. दोन महिने काढले, मग वाटलं, डॉक्टर तर समोरच बसतात की! गुरुवारी प्राजक्ता नावाच्या पोरीनं विचारलं, "तानूबाई, काय होतंय तुम्हाला?"

"ताई, खरं सांगते, डाव्या गालात जखम हाय. भरतच नाय. जरा बघा ना." तिनं आ केला.

प्राजक्ता गोंधळून सरांकडे बघू लागली. सर हसले. "अगं, उजवी दाढ! विसरलीस काय? आणि तोंड मीट. आज बघायचं नाही, फक्त बोलायचं." वर्ग खिदळला. तानूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे सात गुरुवार ती मुकाट उजवी दाढच सांगत राहिली. "डोळ्यांत पाणी कसं आणते बघा!" सर पोरांना म्हणायचे. आग लागो त्या कौतुकाला!

होळीपर्यंत तोंडात दोन बोटं जाईनात. बोलणं कळेना, म्हणून सरांनी दुसरीच बाई खुर्चीत बसवली. मग कारभारीनं तिला खऱ्या पेशंटांच्या रांगेत उभी केली.

आत प्राजक्ता होती, मागं सर. तिनं बॅटरीनं गाल पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मग शिकवल्याबरहुकूम खुर्ची जवळ ओढली, हात हातात घेतला.

"तानूबाई, हा कॅन्सर वाटतोय. तुम्हाला किती त्रास होतोय ते समजतंय मला. पण इतके महिने कुणाला दाखवलं का नाहीत?"

तानूबाईच्या घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. तिनं बोट उचललं आणि प्राजक्ताकडं रोखलं.

"शाब्बास, प्राजक्ता," मागून सर म्हणाले. "आता घाई करू नकोस. पेशंटला बोलू दे."