कुणालाही सुचलं असतं

लोरेन्झ आइखनरने म्युनिकच्या पेटंट कार्यालयात रेल्वेच्या सामानाचे अर्ज तपासण्यात एकतीस वर्षं घालवली. नवी वस्तू त्या धंद्यातल्या साध्या कारागिराला सहज सुचण्यासारखी आहे का, एवढंच त्याला ठरवायचं असे. तशी असेल तर पेटंट नाही. वाटतं सोपं, पण उत्तर डोळ्यांपुढे आलं की सगळेच शहाणे होतात. म्हणून लोरेन्झ अर्जातलं चित्र आधी पुठ्ठ्याने झाकी, नुसती अडचण वाचून अर्धा तास स्वतः डोकं खाजवी आणि मगच पुठ्ठा उचली. बरोबरचे लोक हसत. हसोत बापडे.

रेगन्सबुर्गच्या एर्ना कोलर या फिटरबाईचा अर्ज आला, तेव्हा मात्र त्याने आधी चित्रच पाहिलं. ते मालगाडीचे डबे जोडायचं अवजार होतं, आणि त्याच्या वडिलांनी, कास्पारनी, न्युरेंबर्गच्या यार्डात जन्मभर तेच काम केलं होतं. डब्यांच्या मधे न शिरता, बाहेर उभं राहून जड आकडा उचलायचा. एक लांब दांडी, तिच्या टोकाला स्प्रिंगचा चिमटा. दोन्ही वस्तू जुन्या. 'सहज सुचण्यासारखं' असं लिहून तो मोकळाच होणार होता, पण चित्र आधी पाहिल्याची बोच जाईना. अर्ज छापून जाहीर झालेला होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. रविवारी तो वडिलांकडे गेला.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या कास्पारना त्याने केक खाता खाता फक्त अडचण सांगितली.

"मधे न शिरता?" म्हातारा हसला. "मग काय फुंकर मारून जोडायचे? चाळीस वर्षं वाकून शिरलो, पोरा."

कॉफी गार झाली तरी त्यांना काही सुचलं नाही. मग लोरेन्झने चित्र पुढे ठेवलं.

"हात्तिच्या! हे तर कुणालाही सुचलं असतं!" कास्पार म्हणाले. पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला. "मग अल्बनला मी का मरू दिलं रे?"

अल्बन त्यांचा जोडीदार. एक्कावन्न साली दोन डब्यांच्या मधे चिरडला.

"त्या दिवशी मधे शिरायची पाळी माझी होती. दांड्या शेडमध्ये पडलेल्याच असायच्या. मी काय झोपलो होतो?"

वडिलांना रडताना लोरेन्झने कधी पाहिलं नव्हतं. 'कुणालाही सुचलं असतं' हेच आपणही लिहिणार होतो, याची त्याला लाज वाटली.

"बाबा, आत्ता तासभर विचार केलात. सुचलं? साठ वर्षांचे कागद मी चाळलेत. एवढी माणसं गेली, तरी कुणालाच सुचलं नाही."

"माझी समजूत काढतोयस."

"त्याचा पगार मिळत नाही मला. उद्या सही करून लिहितोय, सहज सुचण्यासारखं नाही."

"सरकारी शिक्क्यासकट?"

"शिक्क्यासकट."

कास्पारनी डोळे पुसले. अल्बनची बायको थेरेस अजून त्याच गल्लीत राहत होती, आणि छत्तीस वर्षं ते तिचं दार चुकवून लांबून जात होते.

"एक प्रत मला दे," ते म्हणाले. "थेरेसकडे मी स्वतः घेऊन जातो."