रुमालाखालचा रिपोर्ट

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळंबच्या मोंढा बाजारात चाळीस वर्षं धान्याची आडत केली. त्यामुळं त्यांना आजार समजावून सांगायला डॉक्टरपेक्षा एखादा हमाल बरा, असं माझं ठाम मत झालंय.

दोन वर्षांपूर्वी त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला, एका विषाणूमुळं होणारा. तो विषाणू लहानपणीच अंगात शिरून साठ वर्षं गप्प बसला होता, हे ऐकून अण्णा म्हणाले, "लई चिवट गिऱ्हाईक हाय!" औषधांनी तो कॅन्सर आवरला. यंदा पाठीवर गाठ आली. अशा रोग्यांची प्रतिकारशक्ती घटते, म्हणून दुसरा, अगदी वेगळा कॅन्सरही होऊ शकतो, तुकडा काढून तपासू, असं डॉक्टर म्हणाले.

"एकाच जागचा नमुना? साहेब, पोत्याला तीन जागी टोचत्यात. वर तूर आन् खाली खडे असत्यात."

डॉक्टर हसले आणि त्यांनी एकाच जागी टोचलं. अण्णा घरी येईपर्यंत कुरकुरत होते.

कॅन्सर हा शब्द ऐकला की आई रडायची. म्हणून अण्णांनी मला बजावलं, "तोंडानं बोलू नको. रुमालाखाली सांग." पूर्वी मोंढ्यात भाव असाच ठरायचा, रुमालाआड बोटं धरून, तिसऱ्याला कळू न देता. एक बोट म्हणजे जुनाच, नवीन काही नाही. दोन म्हणजे दुसरा निघाला.

रिपोर्ट घेऊन आलो तेव्हा आई ओसरीवर तूर निवडत होती. अण्णांनी रुमाल पसरला. या पोरखेळाचा मला संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. मी त्यांच्या तळव्यावर दोन बोटं टेकवली. हा दुसरा कॅन्सर कातडीचा आहे, वेळेत सापडलीय, कापून निघेल, हे सांगायला बोटंच ठरली नव्हती!

अण्णांचा चेहरा हलला नाही. त्यांनी माझं एक बोट हळूच मुडपलं.

"अण्णा, ह्यात घासाघीस न्हाय," मी पुटपुटलो आणि बोट सरळ केलं. त्यांनी पुन्हा मुडपलं. माझे डोळे भरून आले.

आईनं सूप बाजूला ठेवलं, जवळ आली आणि बांगड्यांसकट हात रुमालाखाली घातला.

"चाळीस वर्षं आडत्याच्या घरात हाय मी. दुसरा निघाला, न्हवं? कापून निघंल का तेवढं सांग."

"निघंल."

अण्णांनी बोट सोडलं. हात मात्र तिघांपैकी कुणीच बाहेर काढला नाही.