चौथ्या रांगेची माती

काचघरात रोपांना पाणी घालणाऱ्या मावशींच्या पोटात काही राहत नसे. एकोणीस वर्षं त्या रोपांशी गप्पा मारत आल्या होत्या. माणसांसमोर कशाला गप्प बसतील?

पण त्या आठवड्यात त्या गप्प होत्या. संशोधक बाईंनी घेवड्याचे चार वाण चार रांगांत लावले होते. सगळी माती वाफवलेली, म्हणजे तिच्यातले जिवाणू मेलेले. मग रोपांवर मावा सोडला. तीन रांगा किडीने काळ्या पडल्या आणि चौथी हिरवीगार! "मावशी, या वाणाच्या रक्तातच आहे हे!" बाई नाचायच्याच बाकी होत्या. सोमवारी त्या हे सगळ्यांपुढे मांडणार होत्या.

मावशींना मात्र वेगळंच ठाऊक होतं. चौथ्या रांगेला वाफवलेली माती कमी पडली होती. पुन्हा वाफवत कोण बसतंय, म्हणून त्यांनी काचघरामागच्या ढिगातली न वाफवलेली माती भरली होती. त्याच ढिगावर गेल्या वर्षी तोच वाण वाढला होता. आणि बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मातीत गडबड केलीत तर काचघर विसरा."

शुक्रवारी मावशींनी सगळं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, आणि तेच मावशींना जास्त लागलं. सोमवारचं भाषण रद्द झालं. मावशींची रवानगी झाली कुंड्या धुण्याच्या मोरीवर.

तीन महिने बाईंनी चारही वाण दोन्ही मातींत नव्याने वाढवले. मावशी मोरीवरून काचेतून बघत. खरं बोलल्याचा पश्चात्ताप? छे! पण भलतंच कोणीतरी पाणी घालतंय, तेही पानांवर, हे मेलं बघवत नव्हतं.

एका सकाळी बाई मोरीपाशी आल्या. "वाफवलेल्या मातीत चौथ्या वाणालाही मावा लागला. ढिगातल्या मातीत बाकी तिन्ही वाणांनाही लागला. पण चौथा वाण आणि त्या मातीतले जिवाणू एकत्र आले की मावा फिरकत नाही. एकट्याचं काम नव्हतं ते."

"अहो, माझी धाकटी लेकसुद्धा माहेरी आली की दोन दिवसांत अशीच टवटवीत होते, नाहीतर सासरी..." मावशींनी जीभ चावली.

बाई हसल्या. त्यांनी पाण्याची नळी पुढे केली. "उद्यापासून तुम्हीच घाला."

मावशींचे डोळे भरून आले. पण हात एप्रनला पुसत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"घालते. पण आधी कुठल्या कुंडीत कुठली माती, ते लिहून द्या. आणि कमी पडली तर तुम्हाला हाक मारणार, सांगून ठेवते."