संस्थापकांच्या नावाची किल्ली

हाती आलेली किल्ली परत करण्यासाठी माणसे धडपडत असती, तर जगातली निम्मी भांडणे उद्भवलीच नसती. तशी धडपड करणारा एकच माणूस मी शहापूर-मुरबाडच्या साऱ्या मुलखात पाहिला, आणि ते म्हणजे माझे व्याही, माझ्या धाकट्या सुनेचे वडील. ते संशयी होते असे शहापूरजवळच्या सापगावात आजही सांगतात. त्यांचे डोके जरा फिरलेले होते असे मुरबाडात सांगतात. तिसरी एक गोष्ट सांगतात ती याहून वाईट आहे, आणि तिचा समाचार घेण्यासाठीच मी लेखणी उचलली आहे. ती सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या प्रसंगी हजर नव्हता. मी होतो.

कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान काढले, तेव्हा तालुक्यात दुरुस्त करण्याजोगे कॉम्प्युटर फारसे नव्हतेच. पुढे दोन-चार वर्षांत गॅसचे दुकान, दूध डेअरी, डॉक्टरांचे दवाखाने आणि मी जिथे मास्तर होतो त्या शिक्षणसंस्थेच्या शाळा अशा सगळ्यांनीच ती यंत्रे आणून बसवली, आणि त्यांची देखभाल व्याह्यांकडे व त्यांच्या दोन कारागिरांकडे आली. आमच्याकडची रीत अशी की, परगावी जाताना माणूस शेजाऱ्याकडे घराची किल्ली टाकतो आणि निर्धास्त होतो. त्याच मोकळ्या मनाने लोक व्याह्यांना आपला पासवर्ड देत, तोही रस्त्याच्या पलीकडून ओरडून. व्याही कानांवर हात ठेवीत. "नको सांगू रे मला! मला ठाऊक झालं, म्हणजे उद्या काय बिघडलं की तू माझ्याकडंच बघशील." समोरचा माणूस पासवर्ड टंकू लागला की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत. गॅसच्या दुकानाचे मालक एका बोटाने, प्रत्येक अक्षराचा शोध घेत टंकीत. एकदा त्यांचे टंकन चालले असता व्याह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातले बाराही राशींचे भविष्य वाचून संपवले आणि पाठमोऱ्यानेच विचारले, "शेठ, वृश्चिकेला महिनाअखेरीला प्रवास लिहिलाय. तवर होईल ना टाइप?" काम संपवून निघताना मात्र ते दुरुस्तीपुरते घातलेले आपले नाव मालकाला काढून टाकायला लावीत आणि मग त्या नावाने तो कॉम्प्युटर उघडून पाहत. तो उघडला नाही, म्हणजे आपल्याला दार बंद झाले, याचा त्यांना जो आनंद होई, तो इतरांना दार उघडल्यावरही होत नाही.

हीच शिस्त घरी होती. मी एकदा दुपारच्या उन्हात, हातात फणस घेऊन त्यांच्या दारावर थाप मारली.

"कोण?"

"मी."

"मी तर जो तो असतो. नाव सांगा."

"अहो, तुमचा व्याही!"

"मला दोन आहेत."

फणस जड होता, म्हणून मी त्या दिवशी वाद आवरता घेतला. त्यांचे म्हणणे असे की माणूस ओळखीचा असणे वेगळे आणि त्याला आत जाण्याची मुभा असणे वेगळे. त्यांच्या कन्येच्या, म्हणजे आमच्या सूनबाईंच्या, लग्नात कोठीच्या खोलीवर त्यांनी आपल्या बहिणीला बसवले होते आणि आत कोणी जायचे त्यांची नावे लिहून दिली होती. ऐन पंगतीच्या वेळी तूप कमी पडले, तेव्हा व्याही स्वतःच घाईने आत शिरू लागले. बहिणीने दारात हात आडवा धरला. "दादा, तुझं नाव नाय त्यात. मागं हो." वधूपित्याचा असा पाणउतारा झालेला पाहून आमच्याकडची मंडळी गोरीमोरी झाली, पण व्याह्यांचा चेहरा उजळला. मांडवभर ते सांगत सुटले, "बघा, माझी बहीण! सख्ख्या भावाला सोडलं नाय!" या गोष्टीवर हसणारे पुष्कळ भेटतात. मीही हसलो होतो.

आता ती तिसरी गोष्ट. आमच्या संस्थेच्या दोन शाळा, एक शहापुरास आणि एक मुरबाडास. संस्थापक निवर्तून बरीच वर्षे लोटली होती, परंतु प्रत्येक शाळेत त्यांच्या तसबिरीला हार घातल्याखेरीज कामकाज सुरू होत नसे. कॉम्प्युटर आला तेव्हा याच भावनेने ठरले की, या शुभकार्याचा आरंभही संस्थापकांच्या नावानेच व्हावा. परिणाम असा झाला की मुख्याध्यापक, लिपिक, शिपाई असे सगळेच संस्थापकांच्या नावाने आत जात, आणि पासवर्डही त्यांचेच नाव. ते तसबिरीखाली ठळक अक्षरांत रंगवलेले होते. भिंतीकडे तोंड केले तरी व्याह्यांना ते दिसायचेच. यंत्राच्या लेखी स्वर्गवासी संस्थापक रोज सकाळी शहापुरात हजर होत आणि त्याच वेळी मुरबाडातही. व्याह्यांनी हे पाहिले आणि डोक्याला हात लावला. "मास्तर, गेलेल्या माणसाला कामाला लावलंत तुमी! उद्या चूक झाली तर कुणाला विचारणार? ज्याला त्याला आपापल्या नावानं आत जाऊ द्या." मी हे संचालक मंडळापुढे मांडले. अध्यक्ष संस्थापकांचे चिरंजीव होते. वडिलांचे नाव काढून टाकण्याची भाषा त्यांना सहन होईना, आणि विषय मागे पडला.

पुढे मुरबाडच्या एका माजी विद्यार्थ्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख कोणीतरी बदलल्याचे, त्याच्या नोकरीच्या पडताळणीत उघड झाले. दाखल्यांचे काम लिपिक बाईंकडे असल्याने बोट त्यांच्याकडे वळले. बाई विधवा होत्या, घरात कमावत्या त्या एकट्याच. बैठकीत त्या दाराशी उभ्या होत्या आणि "मी नाही केलं" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांना काढून टाकण्याचा ठराव जवळजवळ लिहून झाला होता. केवळ उपचार म्हणून व्याह्यांना बोलावून अध्यक्षांनी विचारले, "तारीख कोणी बदलली, हे यंत्र सांगते की नाही?"

"सांगतं ना. संस्थापकांनी बदलली."

कोणीतरी फिसकन हसले. "माझ्या वडिलांची थट्टा करू नका," अध्यक्ष कडाडले.

"थट्टा नाय साहेब. त्या नावानं बाई आत जातात, हेडमास्तर जातात, शिपाई जातो. तुमी जाता. मी पण जातो, नि माझी दोन माणसंही. बाईंना काढायचं तर आधी माझं नाव घ्या. मला तर दोन्ही शाळा उघड्या होत्या."

"म्हणजे तुम्ही केलंत?"

"मी नाय केलं, हे मी कशावरून दाखवू? आणि मला दाखवता येत नाय, तर बाईंनी तरी कशावरून दाखवायचं?"

मी बोलायला उठलो, तेव्हा "तुम्ही व्याही, तुम्ही बसा" म्हणून मला बसवण्यात आले. ठराव फाडला गेला, बाई राहिल्या. दुसरा ठराव झाला की प्रत्येकाने आपापल्या नावानेच आत जावे. तिसऱ्या ठरावाने व्याह्यांचे काम बंद करण्यात आले. निघण्यापूर्वी त्यांनी दोन्ही शाळांत प्रत्येकाचे नाव स्वतंत्र बसवून दिले आणि संस्थापकांना निवृत्त केले. तारीख कोणी बदलली, ते शेवटपर्यंत कळले नाही. मात्र महिन्याभरात बाजारात बोलले जाऊ लागले की, "कॉम्प्युटरवाल्यानं भर मीटिंगमध्ये कबूल केलं!" डेअरीने त्यांना बोलावणे सोडले, मग दवाखान्यांनी. वृश्चिक राशीचे शेठ तेवढे टिकले. कबुली दिली म्हणणाऱ्यांना मी आजवर शंभरदा विचारले आहे की, त्यांच्या तोंडचे कबुलीचे एक वाक्य सांगा. अद्याप कोणी सांगितलेले नाही.

एकदा मीच चिडून त्यांना म्हणालो, "एवढे बोललात, तर 'मी केले नाही' एवढे सरळ का नाही बोललात?"

त्यांनी सुपारी कातरून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "बाई सकाळपासनं तेच बोलत होत्या, मास्तर. त्यांचं कुणी ऐकलं नाय. माझं ऐकलं असतं, तर मला घरी येऊन जेवण गेलं नसतं."

म्हसा येथील जत्रेला आम्ही दोघे दरवर्षी जात असू. मुरबाडला उतरलो की शाळेवरून पुढे जाताना ते फाटकाशी थबकत, आत मात्र पाऊल टाकीत नसत. "सकाळी मशीन कोण उघडतं आता?" "बाई उघडतात." "स्वतःच्या नावानं?" "स्वतःच्या नावाने." मग ते समाधानाने मान हलवीत आणि आम्ही पुढची गाडी पाहत असू.

व्याही गेले, त्यानंतरच्या जत्रेला मी एकटाच निघालो. फाटकाशी माझेच पाय थांबले. कचेरीच्या खिडकीतून बाई दिसल्या. केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर घसरलेला, आणि शेजारच्या टेबलावरचा नवा लिपिक आपला पासवर्ड टंकीत होता. तो टंकीत होता तोवर बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.