सुनेच्या बांगड्या मी फोडल्या

परवा सकाळी देवपुरात आमच्या अंगणात सून कडबा तोडत होती. विळा सटकला तो डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला... रक्ताच्या चिळकांड्या भिंतीपर्यंत.

शेजारीण मूठभर हळद घेऊन धावली. म्हटलं, भाजी नाही करायची, बाजूला हो! लुगड्याची पट्टी फाडून दंडावर आवळली, टांगा केला अन् पांझरा नदी ओलांडून धुळ्याच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टर लढाईवरून आलेला, पोरगेलासाच. ऑपरेशन करून बाहेर आला अन् म्हणाला, "आजी, मोठी रक्तवाहिनी फाटली होती, बांधून टाकली. आता आजूबाजूच्या बारक्या वाहिन्यांनी पंजाला रक्त पोचवलं तर हात राहील. नाहीतर कापावा लागेल."

मग त्याची नजर मनगटावर गेली. हात सुजला होता अन् काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. म्हणाला, यांनी रक्त अडतंय, आत्ता काढा.

साबण लावला, तेल लावलं... एक हलेना. फोडायचं म्हटल्यावर नर्सबाईच मागे सरकली, सवाष्णीच्या बांगड्या कोण फोडणार? अन् माझा लेक, सहा फुटी गडी, दारात आडवा झाला.

"माय, मी जित्ता शे ना वं!" जिवंत आहे म्हणे.

"शे ना? मंग भ्यास कसाले?"

माझ्या फुटल्या त्याला वीस वर्षं झाली. माणूस गेला म्हणून फोडल्या होत्या, फोडल्या म्हणून माणूस गेला नव्हता. एवढा हिशोब मला दुसरी यत्ता शिकून कळतो.

नर्सबाईकडून चिमटा घेतला. खाली फडकं सारून एकेक कडकन् फोडली. लेक भिंतीकडे तोंड करून उभा होता...

नंतर नुसती वाट बघायची. बोटं गार, नखं निळी. मी तासातासानं हात लावून बघत होते. दिवेलागणीच्या आत अंगठ्याचं नख जरा गुलाबी दिसलं. डॉक्टरनं दाबून पाहिलं अन् पहिल्यांदा हसला.

करंगळी अजून बधिर आहे, पण हात राहिला. त्या पोराच्या हाताला असंच यश येत राहो.

आज सुनेनं त्याच हातानं माझा पदर धरला. एरवी असलं लाडीगोडीचं मला खपत नाही... पण बोटं गरम होती. म्हटलं, धर बाई.