दुसऱ्या घरात वाढलेला भाऊ

माझ्या धाकट्या भावाला आईनं सव्वा महिन्याचा असताना मावशीला देऊन टाकलं. मावशी शिरूर कासारला राहायची, तिला मूल नव्हतं. लोकांना एवढं कारण पुरलं आणि मोठी होईपर्यंत मलाही पुरलं. यात लपवाछपवी काही नव्हती. भावाला सगळं माहीत होतं. तो मावशीला आई म्हणायचा, आमच्या आईला मावशी आणि आमच्या अप्पांना काका. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस यायचा आणि पाहुण्यासारखा वागून जायचा. ताटात काही टाकायचा नाही, जेवण झालं की स्वतःचं ताट मोरीत नेऊन ठेवायचा. मावशीचे यजमान प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मावशीसुद्धा. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता आणि भावाचं बोलणं अगदी त्यांच्यासारखं होतं, हळू आणि पूर्ण वाक्यात.

आमचं बीडमध्ये कापडाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. अप्पा गिऱ्हाइकांत लोकप्रिय होते, बोलायला गोड. पण त्यांचा राग घराला माहीत होता. राग यायच्या आधी ते ओरडत नसत. उलट एकदम गप्प व्हायचे आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागायचे, कापडाचा पोत बघतात तसा. मला वाटायचं, धंद्याची सवय असेल. तो अंगठा हलताना दिसला की मी पुस्तकं उचलून ओट्यावर जायचे. आई जाऊ शकायची नाही. मी चार वर्षांची होते तेव्हा तिचा डावा कान गेला. मारून झालं की अप्पा अगदी मऊ व्हायचे. स्वतः चहा करायचे, तिच्या उशाशी बसून बशीतनं पाजायचे. मला तर त्या चहाची जास्त भीती वाटायची.

आमच्याकडं या रागाचं कौतुकच होतं. आजोबांनी नेकनूरच्या शेतात जुंपलेल्या बैलाला तो बसेपर्यंत मारलं आणि मग दुपारभर त्याच्या तोंडाजवळ बसून हातानं वैरण चारली, ही गोष्ट लग्नकार्यात हसत हसत सांगितली जायची. "आपलं रगतच तापट हाय," असं म्हणून चुलते अप्पांच्या पाठीवर थाप मारायचे. अप्पाही हसायचे. जणू राग हा घराण्याचा दागिना होता.

गावात केबल नुकतीच आली होती. आमच्या गल्लीत तयार कपड्यांचं मोठं दुकान निघालं होतं आणि अप्पांचा दिवस गिऱ्हाइकाची वाट बघण्यात जायचा. त्याच वर्षी भाऊ बारावी होऊन बीडला कॉलेजात आला. सख्ख्या बापाचं घर असताना पोरगं खोली घेऊन राहणार, हे अप्पांना कमीपणाचं वाटलं. तो आमच्याकडंच राहील, असं त्यांनी परस्पर कळवून टाकलं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आडवं लावलं. "होस्टेलवर राहू द्या त्याला," म्हणाली. कारण विचारलं तर सांगेना.

ज्या दिवशी तो ट्रंक घेऊन आला, त्या दुपारी आई ज्वारी निवडत होती. मी समोर बसले होते. तिनं सुपातून मान वर न करता मला सांगितलं.

"तुझ्या मावशीला लेकरू न्हवतं म्हणून दिला न्हाई मी त्याला."

"मग?"

"तुझ्या अप्पाला मी लग्नात पाहिलं तवा ते वीस वर्षांचे होते. लई भोळे होते. त्यांच्या बापाचं बघून बघून ते तसे झाले, असं मला वाटायचं. पोरानं बघायलाच न्हाई पायजे, म्हणून दिला. मार चुकावा म्हणून न्हाई. शिकू नये म्हणून."

"आणि मी?"

"तू पोरगी," आई म्हणाली. "तू काय शिकणार, मार खायला? ते तर कुठंबी शिकवतेत."

ती हे सहज म्हणाली. मी सूप तिच्याकडून घेतलं आणि बराच वेळ खडेच शोधत बसले.

पहिले दोन-तीन महिने बरे गेले. भाऊ सकाळी कॉलेजला जायचा, दुपारी दुकानात गादीवर बसून वाचायचा. दुकानाच्या ओट्यावर एक मुसलमान टेलर मशीन टाकून बसायचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनाही तो आवडला. "लडका नहीं है, दही है," असं म्हणायचे. अप्पा त्याच्यासमोर जपून वागत होते. आईला वाटायला लागलं की आपण केलं ते जमलं.

एके दिवशी कॉलेजच्या कसल्याशा अर्जावरून कारकुनानं त्याला तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. तो घरी येऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला. कुणाशी बोलला नाही. मी सहज त्याच्याकडं बघितलं तर त्याचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता. सावकाश, पोत बघतात तसा.

त्यानं जन्मात कापड विकलं नव्हतं. सुट्टीतले दोन दिवस सोडले तर तो अप्पांच्या सावलीलाही राहिला नव्हता, आणि त्या दोन दिवसांत पाहुण्यासमोर अप्पा कधी चिडत नसत. मी त्याला विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "अक्का, इथं आड न्हाई का कुठं?" मी म्हटलं, "आड कशाला, नळ आहे की." तो बाहेर गेला आणि अंधार पडायच्या आत परत आला. नेकनूरच्या रस्त्यानं चालत गेलतो, म्हणाला. आईला मी यातलं काहीच सांगितलं नाही. नुसत्या बोटांवरून काय सांगायचं, असं मी मनाशी म्हणाले. खरं म्हणजे मला तिच्या तोंडावरचं समाधान घालवायचं नव्हतं.

पुढं काय घडलं ते मी डोळ्यांनी बघितलं. भर दुपारची वेळ होती. आई अप्पांचा चहा घेऊन दुकानात आली होती आणि खाली वाकून कापडाचे तागे नीट लावत होती. तिचा डावा कान अप्पांकडं होता. अप्पांनी तिला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा ते गप्प झालेले मला दिसले. मी मधल्या दारात उभी होते आणि माझे पाय सवयीनं मागं सरकायला लागले.

भाऊ गादीवरून म्हणाला, "काका, त्यांना त्या कानानं ऐकू येत न्हाई."

"तू कोण बे मला सांगणारा?" अप्पा म्हणाले आणि उठले.

तोही उठला. दोघं गादीवर समोरासमोर उभे होते आणि दोघांचेही उजवे हात मला दिसत होते. मी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. अप्पांनी आईची वेणी धरून तिला वर ओढलं आणि भावानं कापड मोजायचा लोखंडी गज उचलला.

पहिला फटका अप्पांच्या हातावर बसला आणि आई सुटली. तिथं थांबला असता तर आज मी ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं सांगितली असती. अप्पा पडले, त्यांनी डोक्यावर हात घेतले, आणि भाऊ मारत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. कामात गढलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. चाचा मशीन सोडून आत धावले आणि त्यांनी मागून त्याला मिठी मारली. "बस, बेटा, बस. हो गया," असं ते त्याच्या कानात बोलत राहिले, तेव्हा कुठं गज खाली पडला.

अप्पांचा हात मोडला होता आणि खांद्याचं हाड. अप्पा शिडीवरून पडले, असं आम्ही दवाखान्यात सांगितलं. पण रिक्षा येईपर्यंतची दहा मिनिटं मला जास्त आठवतात. भाऊ अप्पांच्या उशाशी बसला, आईनं आणलेला चहा बशीत ओतला, फुंकर मारून गार केला आणि त्यांच्या ओठांना लावला. त्यानं हे कधीच पाहिलेलं नव्हतं. आईनं ते बघितलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गुरुजी आले. अप्पांना बघून आले, मग ओट्यावर बसले. भाऊ त्यांच्या पायाशी बसला. आई आणि मी उंबऱ्यात.

गुरुजी म्हणाले, "तीन वर्षांचा होता तवापासून मी बघतोय. शेजारच्या पोराच्या दंडाला चावला होता, सोडीना. दात उपटून काढावे लागतेत का काय असं झालं. तवाच मला त्याचा अंगठा दिसला. तुमच्या घरचा अंगठा मला म्हाईत होता. मग अंगठा हलला की मी म्हणायचो, जा, आडावरून दोन बादल्या पाणी आण. शिरूरचं पाणी लई खोल. दोन बादल्या ओढीपर्यंत उतरायचं सगळं."

"उन्हाळ्यात आड आटल्यावर?" आईनं विचारलं.

"तरीबी पाठवायचो. रिकामी बादली घेऊन यायचा, पण शांत यायचा."

भाऊ स्वतःच्या हाताकडं बघत होता. "मला वाटायचं घरात पाणी लागतं म्हणून," तो म्हणाला.

"तुला सांगायला पायजे होतं. चुकलं माझं. पण लेकराला कसं सांगावं, तुझ्यात असं असं हाय म्हणून?"

"म्हणजे मी गरीब स्वभावाचा न्हवतोच. तुमी पाण्याला पाठवत होता."

मग भावानंच आणखी एक गोष्ट सांगितली, त्याच हळू, पूर्ण वाक्यांत. "पहिला फटका कसा मारला ते मला आठवत न्हाई. दुसऱ्याच्या आधी मला सगळं कळत होतं. काका खाली पडलेत, मावशी सुटलीय, आता थांबलं तरी चालतंय, हे दिसत होतं. थांबता आलं असतं. बरं वाटत होतं म्हणून न्हाई थांबलो."

चाचांचं मशीन तेवढा वेळ बंद होतं.

तो गुरुजींबरोबर शिरूरला परत गेला आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. तिकडं त्यानं एसटीडीचा बूथ टाकला. अप्पांचा हात वाकडा जुळला. त्यानंतर त्यांनी आईवर हात उचलला नाही. तिला हाक मारायची असली की उठून तिच्या उजव्या बाजूला जायचे आणि मग बोलायचे. हे मनानं आलेलं होतं की मोडलेल्या हाताची भीती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आईला त्याची पर्वा नव्हती.

मी या सगळ्यातून वेगळी आहे, असं मला आणखी वर्षभर वाटत होतं. मग डीएडला असताना नेकनूरच्या शाळेत पाठ घ्यायला जायचे, तिथं एका मुलीनं मी फळ्याकडं वळले असताना माझी नक्कल केली. मी तिचा कान धरला. एवढं सगळ्याच शिक्षिका करतात. पण मी तो सोडला नाही. वर्ग गप्प होता आणि ती मुलगी रडतही नव्हती. ती माझ्याकडं नुसती बघत होती. मी कुणाकडं तसं बघायचे ते मला माहीत होतं. मला थांबावंसं वाटत नव्हतं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं उठली आणि माझा हात सुटला. घंटा झाली नसती तर मी स्वतःहून सोडला असता का, हे मी अनेक वेळा स्वतःला विचारलं आहे. अजून मला खात्रीनं सांगता येत नाही. माझा अंगठा कधी हलत नाही, म्हणजे मला आधी कळायचीही सोय नाही.

भावाचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मुलीकडची माणसं नारायणगडाला दर्शनाला येणार होती, तिथंच मुलगी बघायची ठरली. बाकीची मंडळी बैठकीत असताना ती मुलगी आणि मी बाहेर लिंबाखाली बसलो. तिनं मान वर करून सरळ विचारलं, "स्वभावानं कसे हायेत?"

शांत आहे, असं म्हणायचं मी घरून ठरवून आले होते. आईनंही मला तसंच बजावलं होतं. पण मी तिला सगळं सांगितलं. गज, बशी, आड, अंगठा. ती ऐकत राहिली. हातातली प्रसादाची पुडी तिनं चुरून टाकली होती.

"हे त्यांना म्हाईत हाय?" तिनं विचारलं.

"आता माहीत आहे."

"माझा बाप पिऊन मारतो," ती म्हणाली. "त्याला इचारलं तर म्हणतो, मी कधी मारलं. यांना निदान म्हाईत तरी हाय." मग म्हणाली, "मी न्हाई म्हणले तर दुसरा कोण येईल, त्याचं मला कोण सांगणार?"

ती हो म्हणाली. आईला कळलं तेव्हा ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, आणि मग एकदा म्हणाली, "बरं केलंस. पर माझ्यानं झालं नसतं."

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला भावजय माझ्याकडं आली होती. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं की तीन वेळा झालं. दोनदा तो आपणहून घरातून निघून गेला. एकदा तिनं बादली त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. तो परत आला तेव्हा बूथची काच फुटलेली होती आणि त्याच्या हातातून रक्त येत होतं. "काचेवर भागलं," ती म्हणाली. तिला दिवस गेले होते. ती फराळाचं ताट पुढं ओढून खायला लागली आणि मी तिच्या खाण्याकडं बघत राहिले.

आई दर दोन-तीन महिन्यांनी शिरूरला जायची. नात्यानं ती भावाच्या बायकोची मावससासू, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. गेल्या गेल्या ती सुनेला जवळ बसवायची, बांगड्या कोपरापर्यंत मागं सारायची आणि दोन्ही मनगटं उजेडात धरून निरखायची. सूनही हात पुढं करून गप्प बसायची. भाऊ समोर असला तर तोही बघायचा. मग आई बांगड्या पुन्हा खाली ओढायची आणि चहा टाकायला उठायची.